बिनवाइंडिंगची मोटर

आण्णांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या मोटरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटर शर्टाच्या गुंडीएवढी, स्क्रूड्रायव्हर वीतभर. दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटरचं बेअरिंग आण्णा असंच ऐकत. डॉक्टरला छातीची नळी, तसा आण्णांना हा लाल मुठीचा स्क्रूड्रायव्हर.

"आवाज तर हाय," ते म्हणाले.

"आवाज नकोच हाय आण्णा. फिराय पायजे."

"आणि फिरत न्हाई?"

"न्हाई."

मोटर दात शिवशिवतील अशी बारीक शीळ घालत होती. समोरच्या टपरीखाली झोपलेलं कुत्रं उठलं, आमच्याकडं एकदा बघितलं आणि दुसऱ्या गल्लीत निघून गेलं.

"मग ही मोटर न्हवं," आण्णा म्हणाले. "ही आपला नगरसेवक हाय. आवाज लई, हालचाल काय न्हाई."

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मीही हसले, कारण नाहीतर रडले असते, आणि वाइंडिंगच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर रडणं आमच्या घराण्यात बसत नाही.

दुकान इचलकरंजीत, यंत्रमागांच्या गल्लीत. आण्णा म्हणजे माझे वडील, दत्तोबा लोहार. मागाची मोटर जळाली की ती खांद्यावर टाकून माणसं आण्णांकडं आणत. आण्णा जळकी तार काढून टाकत, नवी तांब्याची तार गुंडाळत, वार्निशात बुडवत, भट्टीत भाजत आणि मोटर पुन्हा जिवंत करून देत. मी एकुलती एक. चप्पल कुठल्या पायाची हे कळायच्या आधी मला तारेचा गेज, म्हणजे जाडी, कळायचा. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आण्णांच्या शेजारी गुंडाळायला बसायची, आणि कॉलेजात जाईतोवर माझी वेटोळी त्यांच्यापेक्षा नेटकी पडायला लागली होती. हे तेच सगळ्यांना सांगत.

पुढं मी इंजिनिअर झाले आणि सांगलीला पीएचडीला लागले. विषय काय मिळाला, तर बारीक मोटर, जिच्यात तांब्याची तार नाही आणि लोहचुंबकही नाही. मोटर लहान करत गेलं की तार बारीक करावी लागते, आणि एका मर्यादेपलीकडं तार हातात राहत नाही, मोटरीत जोरही राहत नाही. म्हणून जगात लोक थरथरीवर चालणाऱ्या मोटरी करू लागले होते. आण्णांचे मित्र म्हणाले, हे म्हणजे सलूनवाल्याच्या पोरानं टक्कल पडायचं औषध शोधल्यासारखं झालं. आण्णांनाच ते इतकं आवडलं की पुढं महिनाभर ते स्वतःच सगळ्यांना ऐकवत होते.

ही मोटर चालते कशी, हे मी त्यांना स्लॅब टाकणाऱ्या बायकांवरून सांगितलं होतं. स्लॅबच्या कामावर बायका ओळीनं उभ्या राहतात आणि घमेली हातोहात पुढं देतात. बाई जागची हलत नाही, घमेलं मात्र वर पोचतं. तसंच इथं. पितळेच्या बारक्या कडीखाली चिनीमातीसारखी एक चकती चिकटवायची. तिला वीज दिली की ती थरथरते आणि कडीलाही थरथरवते, इतकी जलद की माणसाच्या कानाला ते ऐकूही येत नाही. कडीचा कणन् कण जागच्या जागी झुलतो आणि वर दाबून बसवलेल्या फिरकीला कणभर पुढं ढकलतो. अट एकच. थरथरी दोन लागतात, एक जरा आधी आणि दुसरी जरा मागून, आणि दोन्हींचा सूर तंतोतंत एक लागतो. सूर जुळला की लाट कडीभर धावते आणि फिरकी फिरते. सुरात जरा फरक पडला, की बायका घमेली घेऊन आपापल्या जागी नुसत्या डुलत राहतात.

"म्हंजे आमच्या मोटरीतली दोन वेटोळी, रनिंग वाइंडिंग आणि स्टार्टिंग वाइंडिंग," आण्णा म्हणाले होते. "आमचंच हाय की सगळं. फकस्त तांब्याचा खर्च वाचीवलास."

माझ्या बायका दोन वर्षं डुलतच होत्या.

आणि मी स्वतःहून एक घोळ घालून ठेवला होता. गौरी जेवणाला सगळं घर जमलं होतं. सुभद्राआत्यानं, म्हणजे आण्णांच्या थोरल्या बहिणीनं, भरल्या पंगतीत विचारलं की लग्न नाही, नोकरी नाही, आणि ज्या मोटरपायी हे सगळं नाही ती मोटरपण फिरत नाही, तर मग आहे काय? माझी जीभ सुटली. मी म्हणाले, "दसऱ्याला आण्णांच्या समोर फिरवून दाखवते. न्हाई फिरली तर कॉलेज सोडून दुकानात बसते."

आण्णांनी पुरणपोळीचा घास चावून गिळला, वर दूध प्यायले आणि म्हणाले, "शब्द दिलास."

आत्यावर सूड उगवायच्या नादात मी कुठं पाय टाकला ते मला आचवताना कळलं. आण्णांचे हात कापायला लागले होते. जाड तार अजून जमायची, पण बारीक तारेवरचा वार्निशचा लेप खरवडला जायचा आणि दिलेली मोटर आठवड्यात परत यायची. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. दुकानात ये, असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. पण त्या जेवणानंतर दोन दिवसांनी त्यांनी कोल्हापूरहून एक नवी खुर्ची आणली, खालीवर होणारी, पाठीला गादी असलेली, आणि वाइंडिंगच्या टेबलापाशी ठेवली. स्वतः मात्र जुन्या लाकडी स्टुलावरच बसत राहिले. मी घरी आले की ती खुर्ची माझ्याकडं बघत असायची.

खरं सांगायचं तर दुकानात बसून मी काही मेले नसते. मला ते काम येत होतं, आवडतही होतं. पण ती गुंडीएवढी मोटर फिरलेली बघायची इच्छा माझ्या अंगात अशी भरली होती की ताटात भाकरी आली तरी मी ती गोल फिरवून बघायची.

आमच्या प्रयोगशाळेत मोटर आधी संगणकात व्हायची. संगणक कडीचे हजारो बारीक तुकडे पाडतो, कुठला तुकडा शेजारच्याला किती ओढतो याचा हिशेब मांडतो आणि सगळे मिळून कसे थरथरतील ते पडद्यावर दाखवतो. मी त्याच्या एक पाऊल पुढं गेले होते. कडीचा आकारही मी त्यालाच ठरवायला लावला. इथं जरा काप, तिथं जरा जाड ठेव, जे चांगलं फिरेल ते धर, बाकीचं सोड. तो शेकडो आकार करून बघायचा आणि शेवटी एक पुढं ठेवायचा. त्यानं ठेवलेली कडी उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी दिसायची. एका बाजूला तीन खाचा, पलीकडं एक, मधेच एक चंद्रकोर. कुठल्याही माणसाला असा आकार सुचला नसता, आणि मला तर हीच त्याच्या हुशारीची खूण वाटायची. जे आपल्याला कळत नाही ते आपल्यापेक्षा शहाणं, असं मानायची शिकलेल्या माणसाला फार खोड असते.

पडद्यावर ती कडी फिरकीला अशी सुरेख फिरवायची की बघत राहावं. तोच आकार पितळेत कापून आणला, चकती चिकटवली, वीज दिली की शीळ. मग मी संगणकाला आणखी बारकाईनं शोधायला लावायची. तो आणखी दोन खाचा मारायचा. मी त्या कापून आणायची. पुन्हा शीळ, फक्त वेगळ्या पट्टीत. असं करत गौरी-गणपती गेले, पितृपक्ष गेला, घट बसले.

अष्टमीला प्रयोगशाळा सुट्टीसाठी बंद व्हायची होती. माझे मार्गदर्शक कानडे सर बोलायचे कमी आणि शेंगदाणे खायचे जास्त. ते खिडक्या लावून घ्यायला आले आणि माझ्या पडद्यासमोर थांबले. पडद्यावर माझी सगळ्यात ताजी भाकरी फिरत होती. सरांनी तीनचार दाणे तोंडात टाकले आणि विचारलं, "रोहिणी, साधी कडी काय म्हणते?"

"कुठली साधी, सर?"

"खाचा नसलेली."

मी सांगितलं की तिला मी कधी विचारलंच नाही. तिला काय विचारायचं? ती सगळीकडून सारखी, तिचे दोन्ही सूर एकच असणार, हे कागद-पेन्सिल न घेताही सांगता येतं.

"मग विचारून बघ," सर म्हणाले. "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, असा एक तरी प्रश्न त्याला विचारावा."

सरांचा मान म्हणून मी विचारलं. संगणकानं हिशेब केला आणि साध्या, गोल, कुठंही न कापलेल्या कडीचे दोन सूर दाखवले. ते एक नव्हते. चांगले ढळढळीत वेगळे होते. मी पुन्हा चालवून बघितलं. पुन्हा वेगळे.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फार पूर्वी, अगदी सुरुवातीला, वेळ वाचावा म्हणून मी कडीचे तुकडे पाडताना जिथं तारा जोडायच्या तिथं ते बारीक घेतले होते आणि बाकी ठिकाणी मोठे. जिथं तुकडे मोठे, तिथं संगणकाला कडी ताठ वाटते. म्हणजे मुळात गोल आणि सरळ असलेली माझी कडी त्याला पहिल्या दिवसापासून वाकडी दिसत होती. बिचारा आज्ञाधारक. त्यानं तो वाकडेपणा काढायला खाचा मारल्या. सरळ माणसाकडं वाकड्या चष्म्यातून बघावं आणि तो कलता दिसतो म्हणून त्याचा एक खांदा तासावा, तसं झालं होतं. चष्म्यातून माणूस सरळ दिसू लागला होता, आणि मी दोन वर्षं खांदे तासलेली माणसं पितळेत घडवून आणत होते.

मी सरांना हे सांगायला लागले आणि मधेच मला हसू फुटलं. सरांनाही फुटलं. त्यांना इतका जोराचा ठसका लागला की शेंगदाणा निघेतोवर मला त्यांची पाठ थोपटावी लागली. डोळे पुसून ते म्हणाले की अशी चूक करायला चांगली हुशारी लागते, साध्या माणसाला जमणार नाही. हे कौतुक आहे की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

सगळीकडं सारखे तुकडे पाडून मी संगणकाला पुन्हा बसवलं. आता तुला हवा तो आकार निवड, म्हणाले. दुपार कलायच्या आत त्यानं निवडला. खाच नाही, चंद्रकोर नाही. पूर्ण गोल कडी ठेव, फक्त जरा पातळ कर.

आनंदानं मी कडी कापून देणाऱ्या कारखान्यात फोन लावला, आणि तिथं तो आनंद आपटला. त्यांनी यंत्रं धुऊन पुसून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते, आणि पूजा झालेलं यंत्र त्या दिवशी चालवत नाहीत. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवस विसावा. "ताई, आता दसरा झाल्यावर," फोनवरचा माणूस म्हणाला. मी आणखी चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी यंत्रांना हार घालायची तयारी चालली होती. माझा शब्द दसऱ्याचा होता.

मी चकत्या, फिरकी, वीज द्यायचा डबा, सगळं पिशवीत भरलं आणि इचलकरंजीची शेवटची एसटी पकडली. एक लेथ मला ठाऊक होता. लहानसा, जुना, आमच्याच दुकानाच्या कोपऱ्यातला.

खंडेनवमीची सकाळ आमच्या गावात ओळखू येते ती आवाजावरून. एरवी रात्रंदिवस माग खडखडत असतात. आम्हाला तो खडखडाट ऐकूही येत नाही, तो थांबला की मात्र ऐकू येतो. त्या सकाळी एकेक गल्ली बंद पडत गेली आणि गाव असं शांत झालं की शेजारच्या घरात कढईत कडाकणी सोडल्याचं चुर्र ऐकू येत होतं. दुकान आदल्या संध्याकाळीच धुऊन झालं होतं. लाल कापडावर पक्कड, हातोड्या, कानशी ओळीनं मांडल्या होत्या. आत्या आदल्या रात्रीच येऊन राहिली होती, आणि मी अंघोळ करून येईतोवर तिनं लेथला झेंडूचा भला मोठा हार घालूनही टाकला होता.

मी आण्णांना बाजूला घेतलं. संगणकाची गंमत सांगितली. ती त्यांना पुरती कळली आणि ते खांदे हलवून हसले. मग मी म्हणाले, "आण्णा, एक साधी कडी लेथवर काढायची हाय. उद्यावर टाकली आणि चुकली, तर दुसरी काढाय येळ न्हाई. पूजा जरा उशिरा करता?"

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी लेथकडं बघितलं, मग टेबलापाशी ठेवलेल्या त्या नव्या खुर्चीकडं, मग माझ्याकडं. मला त्याच क्षणी कळलं की मी कुणाकडं काय मागते आहे. ही कडी झाली नाही तर त्यांची मुलगी त्यांच्या दुकानात येणार होती. त्यांनी फक्त नाही म्हणायचं होतं, आणि तेसुद्धा देवाधर्माच्या नावानं. कुणी त्यांना बोल लावला नसता, मीपण नाही.

"आता कशाची पूजा उशिरा?" आत्या मधे पडली. "हार घालून झालाय लेथला."

आण्णा उठले. त्यांनी लेथवरचा हार दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि आत्याच्या हातात दिला.

"हार घाटला म्हंजे पूजा न्हवं, आक्का," ते म्हणाले. "नारळ फुटंस्तवर मशीन माणसाचं असतंय."

मी लेथवर बसले. पितळेचा तुकडा धरला आणि कातायला लागले. सगळं गाव मुकं आणि आमच्या एकट्या दुकानातून लेथचा घरघराट, त्यामुळं गल्लीतली माणसं दारात येऊन विचारू लागली की दत्तोबा, आज काय हे. आण्णा दारात उभे राहून प्रत्येकाला सांगत होते की आमचा मुहूर्त अजून लागायचा आहे. कुणाचा मुहूर्त, कुठल्या पंचांगातला, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही. मधेच ते माझ्यापाशी आले, कडीची जाडी मापून बघितली आणि म्हणाले, "घाई करू नगंस. देव काय पळून जात न्हाई."

कडी निघाली. मी ती काचेवर घासून सपाट केली, चकती चिकटवली आणि डिंक पक्का व्हायला वार्निशच्या भट्टीत ठेवली. एरवी जिथं पंधरा-पंधरा किलोच्या मोटरी भाजायच्या तिथं माझी गुंडी एकटीच जाऊन बसली. ती तापेपर्यंत काही करायला नव्हतं. आईनं परातभर कडाकण्या आणून दिल्या. आजूबाजूला एकेका दुकानात नारळ फुटत होते, प्रसाद वाटला जात होता, आणि प्रत्येक नारळागणिक आत्या मोठा सुस्कारा टाकत होती. पाचव्या-सहाव्या सुस्काऱ्यानंतर आण्णांनी तिला एक कडाकणी दिली, म्हणजे तोंड कामाला लागेल.

कडी निवल्यावर मी तारा जोडल्या, वर फिरकी बसवली, स्प्रिंग दाबून स्क्रू आवळला. आई, आत्या, आण्णा तिघंही टेबलाभोवती आले. मी डब्याचं बटण फिरवलं.

शीळ आली नाही.

एवढ्या शांत गावात डास गुणगुणला असता तरी ऐकू आला असता. काहीच आवाज नाही. आण्णांनी स्क्रूड्रायव्हर घेतला, कडीच्या बुडाला टेकवला, कानाला लावला. बराच वेळ ऐकलं. मग त्यांनी तो खाली ठेवला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रोहे, आवाज बी गेला गं," ते हळूच म्हणाले. त्या आवाजात जिंकल्याचा मागमूससुद्धा नव्हता. माझ्याइतकंच वाईट त्यांना वाटत होतं.

फिरकी घासून घासून आरशासारखी झालेली, तिच्याकडं बघून काही कळत नव्हतं. आईनं मात्र डोकं चालवलं. मोटरमधलं तिला काही कळत नाही, पण तिला नुसत्या ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायची सवय नाही. तिनं पूजेच्या ताटातली झेंडूची एक पाकळी उचलली आणि फिरकीवर टाकली.

पाकळी टेकली, आणि गरगरा फिरायला लागली.

पिवळा गोल तयार झाला होता, आवाज न करता, थांबायचं नाव न घेता. शीळ होती ती दोन न जुळलेल्या सुरांच्या भांडणाची, आणि ते भांडण मिटलं होतं. मी चक्क हुंदका देऊन रडले, गिऱ्हाइकं नव्हती म्हणून बरं. आत्या माझे डोळे पुसता पुसता स्वतःच रडू लागली. आण्णा टेबलावर इतके वाकले की त्यांचा श्वास लागून पाकळी उडेल असं मला वाटलं.

"उलटी फिरती?" त्यांनी विचारलं.

वाइंडिंगवाल्याचा हा पहिला प्रश्न. मी दोन तारा अदलाबदल केल्या. फिरकी उलटी फिरली. आण्णांनी माझ्या हातातून तारा घेतल्या आणि स्वतः बदलल्या. सुलटी. पुन्हा बदलल्या. उलटी. मागाच्या गल्लीतला एवढा दरारा असलेला माणूस लहान मुलासारखा तारा बदलत बसला होता आणि प्रत्येक वेळी आईला दाखवत होता, बघ, आता इकडं, आता तिकडं. बारीक तारा होत्या, हात कापत होते, तरी एकदाही चुकले नाहीत.

मी म्हणाले, "आण्णा, दुकानाचं काय?"

त्यांनी मान वर केली नाही. "शब्द तू दिला हुतास. मी कवा म्हणालो, तू बस म्हणून?"

"मग खुर्ची?"

"आणली खरी," ते म्हणाले. "वाटत हुतं मला, खोटं कशाला बोलू. पर ही फिरल्याली बगावी, हे त्याच्यापरीस जास्त वाटत हुतं."

त्या खुर्चीवर पुढं आयटीआयमधून आलेली एक मुलगी बसली, मग तिची धाकटी बहीणही आली, आणि आण्णांनी दोघींना तार धरायला शिकवलं. पण ते नंतरचं. त्या दिवशी आण्णांनी हात-पाय धुतले, आत्याकडून हार घेऊन लेथला घातला आणि लाल कापडावर अगदी पुढं, हातोडीच्या शेजारी, माझी मोटर ठेवली. तिला हळदकुंकू लावलं. करंगळीच्या टोकानं लावलं तरी ती अर्धी झाकून गेली. मग नारळ फोडला. आमचा नारळ गावात सगळ्यात शेवटी फुटला.

नारळाचा आवाज ऐकून गल्लीतली माणसं प्रसादाला आली. आईनं पाकळीची गोष्ट तोवर चार घरी पोचवली होतीच. सगळ्यांना फिरती मोटर बघायची होती, आणि मला तर ती जगाला दाखवायची होती. मी डब्याच्या बटणाकडं हात नेला.

"हात लावू नगंस," आण्णा म्हणाले. "पूजा झालीया. आज ती इश्रांतीला."

मी विनवण्या केल्या. एकदाच, एक मिनिट. आण्णा ऐकेनात. आत्यानंही, जिला सकाळपासून पूजेची घाई होती तिनं, माझी बाजू घेतली. काही उपयोग झाला नाही. आण्णांनी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की आज बंद आहे, उद्या या. दोन वर्षं ती फिरत नव्हती म्हणून मी झुरले होते. आता ती फिरत होती तर फिरवायला बंदी, आणि मी तिच्याशेजारी दिवसभर हसत बसले.

संध्याकाळी एक मागवाले आले, आण्णांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना यातलं काही कळलेलं नव्हतं. प्रसाद खाता खाता त्यांचं लक्ष लाल कापडाकडं गेलं. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं की ही कुंकवाची गुंडी कसली, आणि हातोडीच्या आधी हिला मान का.

"मोटर हाय," आण्णा म्हणाले. "आजवर ह्या दुकानात दुसऱ्यांच्या दुरुस्तीला आल्या. ही आमच्यात जन्मली."